अर्तमीचा एक खांब

तुर्कस्तानात सेल्चुक गावाजवळ आम्ही यात्रेकरू इफिसकरांच्या अर्तमीचे देऊळ पाहावयास गेलो. प्राचीन जगातील सात आश्चर्यांपैकी ते एक; आज पाणथळ जागेत तुकडे रचून उभा केलेला एकच खांब आहे. प्रथम मला विजयाचा आनंद झाला. मग प्रेषितांची कृत्ये, अध्याय 19 आठवला. पौलाच्या सोबत्यांनी देवीची निंदा केली नाही, अशी साक्ष शहराच्या लेखकानेच दिली. दंगल उठवली ती देमेत्रिय सोनाराने. रुप्याचे देव्हारे करण्याचा धंदा बुडेल, ही त्याची भीती.

तीच भीती माझ्या ओळखीची होती. बेळगावच्या उद्यमबागेत नोकरी टिकावी म्हणून मीही एकदा खोट्या मापावर सही केली होती. बंधुभगिनींनो, त्या दिवशी माझा देव कोणता होता? पडक्या देवळावर हसण्यापूर्वी आपल्या अंतःकरणातील देव्हारा तपासू या.