ग्रह कारक की कर्ता?

जन्मसमयी आकाशातील ग्रह ज्या स्थानी असतात त्यांवरून मनुष्याचे आयुष्य घडते काय, हा प्रश्न केवळ विद्वत्सभेपुरता नाही. ज्या घरात उपवर कन्या आहे त्या घरात तो वारंवार उभा राहतो. स्थळ सर्व दृष्टींनी योग्य असते, वधूवर एकमेकांस पसंत असतात, आणि ‘मुलीला कडक मंगळ आहे’ एवढ्या एका वाक्याने ठरत आलेला विवाह मोडतो. त्या वाक्यास शास्त्राचा आधार कितपत आहे, आणि गीतेच्या उपासकाने ते उच्चारावे काय, एवढाच विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम नियम पाहू. महाराष्ट्रात लग्नकुंडलीतील १, ४, ७, ८ व १२ यांपैकी कोणत्याही स्थानी मंगळ असला की मंगळदोष मानतात. मंगळ एका राशीत साधारणपणे दीड महिना राहतो. लग्न मात्र सुमारे दर दोन तासांनी बदलते. म्हणजे कोणत्याही दिवशी २४ तासांपैकी स्थूलमानाने १० तासांत जन्मलेली सर्व बालके मंगळाची ठरतात. बारांत पाच, म्हणजे शेकड्यास चाळिसांहून अधिक! परिहाराचे नियम लावून ही संख्या कमी करतात हे खरे. परंतु मूळ नियमाने पाहता गावातील प्रत्येक आळीत या दोषाची माणसे सुखाने संसार करीत असली पाहिजेत, आणि तशी ती करीतही आहेत.

याच नियमाचे दुसरे रूप बेंगळुरात दिसते. हे नगर फलज्योतिषाचे मोठे केंद्र. येथील बी. सूर्यनारायण राव यांनी वराहमिहिराचे बृहज्जातक इंग्रजीत आणले. त्यांचे नातू बी. व्ही. रामन यांनी १९३६ पासून १९९८ साली निधन होईपर्यंत ‘ॲस्ट्रॉलॉजिकल मॅगझीन’ हे मासिक चालविले. १६३८ नंतर शहाजीराजांच्या जहागिरीत आलेल्या या नगरात आज मराठी कुटुंबेही पुष्कळ आहेत. त्यांच्या घरी पुण्याकडील जोशांचे मत येते आणि येथील जोइसांचेही. दक्षिणेत हा दोष बहुधा २, ४, ७, ८ व १२ या स्थानांवरून पाहतात. तेव्हा जिच्या लग्नी मंगळ आहे ती कन्या पुण्यात सदोष आणि बेंगळुरात निर्दोष. जिच्या धनस्थानी आहे तिचे याच्या नेमके उलट. आकाशातील मंगळ तर एकच! देश बदलताच जो दोष बदलतो तो ग्रहाचा स्वभाव नव्हे, तो लोकांचा संकेत होय.

आता शास्त्रकारांकडे वळू. वराहमिहिर लघुजातकात या शास्त्रास दिव्याची उपमा देतो. अंधारातील वस्तू दिवा दाखवितो, तसे पूर्वजन्मीच्या शुभाशुभ कर्माचा परिपाक हे शास्त्र दाखविते, असा त्याचा आशय आहे. दिवा वस्तू निर्माण करीत नाही. फलज्योतिषाच्या आचार्याच्याच मते ग्रह सूचक आहे. कोणी म्हणेल, ‘गुरूला पुत्रकारक, शुक्राला कलत्रकारक असे आपणच म्हणतो ना?’ संस्कृत ग्रंथांचा अनुवाद करणाऱ्यास या शब्दापाशी थांबावेच लागते. व्याकरणात कारके सहा आहेत आणि कर्ता हे त्यांपैकी एक. जो स्वतंत्र तो कर्ता, असे पाणिनी सांगतो. म्हणून एखाद्यास कारक म्हटल्याने तो कर्ता ठरत नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायाच्या चौदाव्या श्लोकात कर्माची पाच कारणे सांगितली आहेत : अधिष्ठान, कर्ता, करणे, विविध चेष्टा आणि पाचवे दैव. दैव नाकारलेले नाही; परंतु कर्त्याचे स्थान त्याला दिलेलेही नाही. कुंडली जे काही सांगते असे मानावे ते फार तर त्या पाचव्याविषयी.

याहून गंभीर गोष्ट पुढेच आहे. मंगळाची वधू पतीस घातक होते, असे लोक म्हणतात. कर्मसिद्धान्ताने पाहता प्रत्येक जीव स्वतःच्याच कर्माचे फळ भोगतो. पतीचे आयुष्य पत्नीच्या ग्रहाने खुंटते असे मानले, तर न केलेल्या कर्माचे फळ त्याच्या वाट्यास आले; यास अकृताभ्यागम म्हणतात. त्याचे स्वतःचे आयुष्यदायी कर्म फळाविना वाया गेले, हा कृतनाश. हे दोन्ही दोष टाळण्यासाठीच आपल्या आचार्यांनी पुनर्जन्माचा एवढा विचार केला. जो कर्मसिद्धान्त मानतो त्याने निरपराध कन्येवर असा ठपका ठेवणे म्हणजे आपल्याच सिद्धान्ताचा त्याग करणे होय.

‘पण अनुभवाचे काय?’ अशी शंका राहते. आठवणीत जुळलेली उदाहरणे राहतात, न जुळलेली विरतात. म्हणून अनुभव मोजून पाहावा लागतो. २००८ साली पुण्यात प्रा. जयंत नारळीकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २७ ज्योतिषांस प्रत्येकी ४० कुंडल्या दिल्या आणि जातक हुशार की बौद्धिकदृष्ट्या विकलांग, एवढेच विचारले. बरोबर उत्तरांचे सरासरी प्रमाण ४६ टक्के आले. नाणे उडविल्यानेही ५० च्या आसपास येते. बेंगळुराहून निघणाऱ्या ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात २००९ साली हा वृत्तान्त प्रसिद्ध झाला. अशा पायावर कोणाच्या कन्येचे भवितव्य ठेवावे काय, हे सुज्ञांनीच ठरवावे.

मग गृहस्थाने पाहावे तरी काय? याज्ञवल्क्यस्मृतीत वधू निरोगी व भिन्न गोत्रातील असावी, वर बुद्धिमान व लोकांस प्रिय असावा, असे सांगितले आहे. विवाहाच्या त्या लक्षणांत मंगळाचा उल्लेख नाही. प्रकृती, शील, विद्या, दोघांची संमती आणि घरातील माणसांचा स्वभाव या गोष्टी पारखण्यास वेळ व श्रम लागतात. ‘मंगळ आहे’ म्हणण्यास काहीच लागत नाही. पुष्कळदा नकाराचे खरे कारण हुंडा, वर्ण किंवा मानपान असते आणि ग्रहाच्या आड ते लपविले जाते. हे असत्य होय, आणि त्याचा भार दुसऱ्याच्या मुलीने वाहावयाचा असतो.

ज्याची श्रद्धा असेल त्याने स्वतःची कुंडली अवश्य पाहावी, तीतून सावधपणा व नम्रता घ्यावी. मनुष्याने आपला उद्धार आपणच करावा, ही सहाव्या अध्यायातील आज्ञा त्यास बाधक नाही. परंतु दुसऱ्याच्या कुंडलीतील ग्रह पुढे करून आपला निर्णय त्यावर ढकलू नये. नकार द्यावयाचा असेल तर तो आपला म्हणून, कारणासह व सौजन्याने द्यावा. त्या निर्णयाचा कर्ता मंगळ नव्हे. कर्ते आपण आहोत, आणि त्याचे फळही आपलेच आहे.