भार कुठे टेकतो

कनू होडी मोटारीच्या टपावर उपडीच चढते. काठ रॅकवर टेकतात आणि पाणी कापणारा तळ आभाळाकडे होतो.

अमेरिकेतल्या मिनेसोटात मिनिआपोलिसहून ईलीपर्यंत मोटारीने साधारण चार तास. ईलीच्या पुढे बाउंडरी वॉटर्स. हजाराहून अधिक सरोवरं, आणि 1978च्या कायद्याने त्यातल्या बहुतेकांवर मोटरबोटीला बंदी. तिथली शांतता हवी असेल, तर आधी महामार्गाच्या वाऱ्यातून होडी सुखरूप न्यावी लागते. वेग दुप्पट झाला की वाऱ्याचा जोर चौपट होतो. सतरा फुटांची केव्हलारची कनू जेमतेम वीस किलोची. दंडाला हलकी, म्हणून वाऱ्यालाही हलकी.

मधले दोन पट्टे तिला खाली धरतात; दोन्ही टोकांचे दोर तिला झुलू देत नाहीत. रॅकच्या दोन दांड्यांत जितकं अंतर, तितकी ती निश्चल.

आवळण्यालाही हद्द असते. रॅचेटचा पट्टा अंगच्या जोराच्या कितीतरी पट ओढतो आणि पातळ काठ चेपतो. हाताने ओढायचं साधं बकल मला अधिक विश्वासाचं वाटतं. कुठे थांबायचं ते हाताला कळतं.

सपाट पट्टा वाऱ्यात घोंघावतो. त्याला एक पीळ द्यावा, गप्प होतो.

नायलॉनचा दोर पावसात लांबतो. वाटेत थांबून पुन्हा हात लावून बघणं हा बांधण्याचाच भाग आहे.

गाठ ताण घेईल तोवर धरणारी आणि एका झटक्यात सुटणारी हवी. ताडपत्री बांधणाऱ्या ट्रकवाल्यांना ती नेमकी येते.

रस्ता संपला तरी होडी वाहून नेणं संपत नाही. दोन सरोवरांमधली पायवाट तिला खांद्यावर घेऊन चालायची. तिथे हे अंतर रॉडमध्ये मोजतात. एक रॉड म्हणजे साडेसोळा फूट, जवळजवळ एका कनूची लांबी. शंभर रॉडची वाट म्हणजे ओळीने मांडलेल्या शंभर होड्या. होडीच्या मधोमध आडव्या बसवलेल्या जुवाच्या गाद्या मानेच्या हाडावर आल्या, तर पहिल्या दहा होड्याही जड जातात. खांद्याच्या मांसल भागावर आल्या की तेच वजन मुकाट्याने चालतं. मागची बाजू किंचित जड ठेवावी. पुढचं टोक उचललं जातं आणि वाट दिसते.

वल्हवताना अंग दुखतं त्याला श्रम थोडे कारण असतात, चुकीचं बसणं फार.

भूर्जाच्या सालीच्या, मुळ्यांनी शिवलेल्या कनू बांधणारे इथले मूळनिवासी अनिशिनाबे लोक गुडघे टेकून वल्हवत. आजही त्याहून भक्कम बैठक नाही. फाकवलेले दोन्ही गुडघे तळाशी, बूड आसनाच्या पुढच्या कडेला; तीन ठिकाणी टेकलेल्या माणसाला होडीची हालचाल स्वतःच्या अंगातच कळते. गुडघ्यांखाली बोटभर जाडीचा फोम पुरतो. आसनावरची जाड उशी घडीभर सुखावते, पण माणसाला उंच करते, आणि उंच गेलेला भार होडी डोलवतो. डोलणाऱ्या होडीत आखडून बसलेल्या माणसाला उशीचा काय उपयोग?

बसून वल्हवणाऱ्यांसाठी मिनेसोटाच्याच यूजीन जेन्सनने 1970च्या दशकाच्या आरंभी वल्ह्याचा दांडा पात्यापाशी थोडा वाकवला. सरळ वल्हं ओढीच्या शेवटी पाणी वर उचलतं; ते श्रम वाया जातात. वाकलेलं पातं अधिक वेळ उभं राहतं आणि पाणी मागेच ढकलतं. एवढ्याशा कोनाने कितीतरी खांदे वाचवले. मला हा शोध फार थोर वाटतो.

मूठ सैल. घट्ट मुठीला आधी फोड येतात, मग मनगट दुखतं.

दंडाने ओढणारा लवकर दमतो. कमरेतून वळणाऱ्याच्या मदतीला सगळी पाठ येते.

वारा समोरून असेल तर सामानाची पिशवी थोडी पुढे हवी. पुढचं टोक वाऱ्याने भरकटत नाही, आणि मागे बसलेल्याला दर वल्ह्यागणिक होडी सरळ करत बसावं लागत नाही. वारा पाठीमागून असेल तर पिशवी मागे. हे काठावर, झाडांचे शेंडे बघून ठरवावं. लाटांमध्ये उठून पिशव्या सरकवणं जिवावर बेतू शकतं.