काठावरचं रोप कुणाचं?

जानेवारी २०१४ मध्ये 'इंडियन रीडरशिप सर्व्हे'चे आकडे जाहीर झाले आणि नागपुरात 'द हितवाद' या इंग्रजी दैनिकाला एकही वाचक नाही असं निघालं. एकही नाही. हा पेपर १९११ पासून निघतोय, सुरू केला गोपाळ कृष्ण गोखल्यांनी, आणि त्याचा प्रमाणित खप तेव्हा साठ हजारांच्या वर होता. त्याच अहवालात 'हिंदू बिझनेस लाइन'ला चेन्नईपेक्षा मणिपुरात तिप्पट वाचक होते. देशातल्या मोठ्या वृत्तपत्रांनी एकत्र येऊन निषेध केला. अहवाल काही महिने बाजूला ठेवला गेला, फेरतपासणी झाली, मग तो पुन्हा वापरात आला.

पाहणी लहान नव्हती. सुमारे दोन लाख पस्तीस हजार घरं घेतली होती. कागदाचे फॉर्म जाऊन मुलाखती पहिल्यांदाच कॉम्प्युटरवर झाल्या होत्या, एक स्क्रीन विचारणाऱ्यासमोर, एक उत्तर देणाऱ्यासमोर. म्हणजे आमच्यासारखे इंजिनीअर ज्याला 'आता चुकीला जागाच नाही' म्हणतात, ते सगळं तिथे होतं.

आता थोडं गणित करू, दोन ओळींत संपेल. २०११ च्या जनगणनेत नागपूरची लोकसंख्या चोवीस लाख. साठ हजारांपैकी निम्म्या प्रती शहराबाहेर जातात असं धरा, आणि प्रत्येक प्रत घरातला एकच जण वाचतो असंही धरा, म्हणजे पेपरवर जितका अन्याय करता येईल तितका करा. तरी ऐंशीतला एक माणूस वाचक निघतो. समजा, शहरात कुठेही बोट ठेवून पाचशेच माणसं निवडली. त्यात एकही वाचक न सापडण्याची शक्यता हजारात दोन.

म्हणजे हे नशीब नव्हे. नमुना लहान होता म्हणून चूक झाली, असंही नव्हे. नमुना निवडताना जे कमी-जास्त होतं त्याची एक सभ्य चूक असते, ती मोजता येते, अहवालाच्या तळाशी 'अधिक-उणे तीन टक्के' अशी छापता येते. दुसरी चूक दारात होते. कुणाचं दार वाजवलं, कोण घरी होतं, प्रश्न कसा विचारला, उत्तर कुठल्या रकान्यात गेलं. ही चूक घरं वाढवली म्हणून कमी होत नाही. दहा हजार घरांत चुकीचं विचारलं तर चुकीचं, दोन लाख घरांत विचारलं तर तेच चुकीचं, फक्त जास्त आत्मविश्वासाने.

हे सगळं आकडेवारीच्या कुठल्याही पुस्तकात मिळेल. मला अडवतो तो पुढचा प्रश्न. या शून्यात खोटं कोण बोललं? कदाचित कुणीच नाही. मग ते शून्य म्हणजे काय? साधी चूक, की अन्याय? ज्या आकड्यावर जाहिरातीचे दर ठरतात, तो कुणीही खोटं न बोलता खोटा निघाला, तर जबाबदार कुणाला धरायचं?

या प्रश्नाचं सगळ्यात सुंदर उदाहरण मला मार्केट रिसर्चमध्ये नाही, शेतात सापडलं. पांडुरंग वासुदेव सुखात्मे हे सातारा जिल्ह्यातल्या बुधचे, संख्याशास्त्रज्ञ, पुढे संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि शेती संघटनेत मोठ्या पदावर गेले. १९४० च्या दशकात देशात पीक किती येतं हे मोजायची पद्धत बसवणं चालू होतं. शेतात एक छोटा तुकडा आखायचा, तेवढंच पीक कापायचं, तोलायचं, आणि त्यावरून सगळ्या शेताचा अंदाज काढायचा. प्रशांतचंद्र महालनोबिस, ज्यांचं नाव आपण सगळ्यांनी ऐकलंय, त्यांचा कल छोट्या तुकड्यांकडे होता. तुकडा लहान असला की काम झटपट होतं, त्याच पैशात जास्त शेतं पाहून होतात. सुखात्म्यांनी दाखवलं की तुकडा जितका लहान तितका उतारा फुगतो.

का फुगतो? कारण काठ. आखलेल्या रेषेवर एक रोप उभं आहे. आत धरायचं की बाहेर? कापणाऱ्याचा हात ते आत घेतो. त्यात लबाडी नाही. भरलेली लोंबी बाहेर टाकायला जीव होत नाही, एवढंच. तुकडा मोठा असेल तर काठावरची रोपं एकूण पिकात थोडी असतात, चार आत आली तरी फरक पडत नाही. तुकडा वीतभर असेल तर बराचसा तुकडा काठच असतो. मग ती चार रोपं सगळा हिशोब बदलतात आणि कागदावर देशाचं धान्य वाढतं. बंगालचा दुष्काळ १९४३ चा. त्या काळात कागदावर वाढलेल्या धान्याचा अर्थ काय होऊ शकतो, ते वेगळं सांगायला नको.

इथे मला आपल्या नेहमीच्या नीतीची पंचाईत दिसते. आपण माणसाचा हेतू बघतो. मुद्दाम केलं तर पाप, नकळत झालं तर माफ. आकडेवारीला हेतू दिसतच नाही. तिला एकच कळतं, चूक दोन्ही बाजूंना पडते की एकाच बाजूला. एखाद्याने कंटाळून वाटेल तशी उत्तरं टाकली तर आकडा धूसर होतो, पण निदान त्याला ठरावीक दिशा मिळत नाही. आणि एखादी प्रामाणिक बाई रोज फक्त तळमजल्याचीच दारं वाजवत असेल, कारण लिफ्ट बंद आहे आणि तिचे गुडघे दुखतात, तर तिचं प्रत्येक उत्तर खरं आणि सगळं मिळून चुकीचं. आपल्या कोर्टात पहिला दोषी, दुसरी निर्दोष. आकड्यांच्या कोर्टात अनेकदा उलट.

अर्थात वाटेल तशी उत्तरं टाकणारा प्रत्यक्षात फारसा भेटत नाही. घरबसल्या फॉर्म भरणारा माणूस हुशार असतो. तो पटतील अशी उत्तरं भरतो. 'गृहिणी आहे, म्हणजे मालिका बघत असेल', 'चाळीत राहतो, म्हणजे सुटा साबण घेत असेल'. त्यामुळे त्याचा डेटा खऱ्या डेटापेक्षा गुळगुळीत असतो आणि बहुतेक वेळा त्या गुळगुळीतपणामुळेच पकडला जातो. खरी माणसं विचित्र असतात. खोटा फॉर्म भरणारा आपल्याला आपलेच समज परत विकतो, हे त्याचं खरं नुकसान. त्याच्या हातून 'हितवाद'चं शून्य कधीच आलं नसतं. त्याने बरोब्बर शोभतील इतके वाचक लिहिले असते आणि कुणालाही शंका आली नसती. ज्या चुका आपल्या मताशी जुळतात त्यांची फेरतपासणी होत नाही.

लिओ क्रेस्पी नावाच्या अमेरिकन अभ्यासकाने १९४५ मध्येच या फसवणुकीवर लिहिलं होतं. त्याचं म्हणणं असं की मुलाखत घेणारे फसवतात तेव्हा फक्त त्यांच्या सचोटीकडे बोट दाखवू नका, तुमची प्रश्नावलीही बघा. लांबच लांब, तेच तेच पुन्हा विचारणारी, समोरच्याला चिडवणारी प्रश्नावली चांगल्या माणसाचंही मन मोडते. ऐंशी वर्षं होत आली. प्रश्नावली लांबच आहे, फक्त टॅबवर आली.

मी बेलपाड्यात भाड्याने राहतो. खारघर आता पनवेल महापालिकेत येतं, मेट्रो आली, बेलपाडा नावाचं स्टेशन झालं. एका बाजूला टॉवर, एका बाजूला गावठाण, घरांना घरं लागलेली. ज्या कंपनीत मी आहे तिथे सर्व्हेच्या अ‍ॅपचं काम चालतं. माझ्याकडे तपासणीचा भाग आहे, कुठली मुलाखत संशयास्पद वाटते हे ठरवणारा कोड. अ‍ॅप फील्डवर कसं चालतं ते बघायला मला दोन दिवस एका ताईंसोबत पाठवलं, आणि भाग निघाला आमचाच.

नियम 'उजव्या हाताचा' असतो. ठरलेल्या जागेपासून सुरुवात करायची, उजवीकडे वळत राहायचं, मधली ठरावीक घरं सोडायची. टॉवरच्या गेटवर हा नियम पहिल्या मिनिटाला संपतो. "दादा, वॉचमन विचारतो, कुठल्या फ्लॅटला जायचंय, नाव काय," ताई म्हणाल्या. "नाव माहीत असतं तर सर्व्हे कशाला केला असता मी?" तीन सोसायट्यांनी आत घेतलं नाही. चौथ्या ठिकाणी गेटच्या अ‍ॅपवरून वर विचारलं, वरून नकार आला. सगळ्यात जास्त खर्च करणारी घरं सगळ्यात कमी सापडतात, हे मी आधी फक्त वाचलं होतं.

गावठाणात दारं उघडी. पण तिथे उजवा हात बोळाच्या टोकाला भिंतीवर आपटतो. एका खोलीत चार पोरं, चौघंही कमावती, आणि फॉर्म विचारतो, घरातला मुख्य कमावता कोण? चौघं हसायला लागली. ताईंनी त्यांना आपसात ठरवायला सांगितलं.

मग यादी. आपल्याकडे ग्राहकांचे वर्ग पाडायची जी पद्धत २०११ पासून रूढ आहे, ती दोन गोष्टींवर चालते. मुख्य कमावत्याचं शिक्षण, आणि अकरा वस्तूंपैकी घरात किती आहेत. वीज, पंखा, गॅस, दुचाकी, रंगीत टीव्ही, फ्रिज, वॉशिंग मशीन, कॉम्प्युटर, गाडी, एसी. आणि शेतजमीन. एका आजीबाईंना विचारलं, "आजी, शेतजमीन आहे का?" त्यांनी टॉवरच्या दिशेने हात केला. "ती काय तिथं."

हा पट्टा सिडकोने नवी मुंबईसाठी घेतलेला. सिडको १९७० ची, जमिनी गेल्या ९५ गावांच्या. १९८४ मध्ये दि. बा. पाटलांच्या नेतृत्वाखाली झालेल्या आंदोलनात पाच जण गोळीबारात मेले, आणि त्यातूनच पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. हे सगळं त्या हात करण्यात होतं. फॉर्मवर दोनच गोल, 'हो' आणि 'नाही'. ताईंनी 'नाही' दाबलं. बरोबरच दाबलं. आकडा खरा आहे, कुणीही तपासावा. पण जमीन कधीच नव्हती असा माणूस आणि जमीन गेली असा माणूस, दोघांची ओळ आता सारखीच. साबणाच्या कंपनीला या फरकाशी घेणं नाही असं म्हणता येईल, आणि मलाही ते अर्धं पटतं. सगळं मोजता येत नाही, मोजायचं तर काहीतरी टाकावंच लागतं. फक्त काय टाकायचं हे ठरवणारा कधी बेलपाड्याला येत नाही.

'हितवाद'कडे छापखाना होता. शून्य आलं तेव्हा ते ओरडू शकले. आजीबाईंना त्यांची ओळ कधी दिसणारही नाही.

मोजलं जाणाऱ्या माणसाचंही काही देणं लागतं का, हा उलटा प्रश्न. ऑक्टोबर २०२० मध्ये मुंबई पोलिसांनी टीआरपी घोटाळ्याचा आरोप केला. टीव्ही कोण काय बघतं हे मोजायला तेव्हा देशभरात सुमारे ४४,००० घरांत यंत्रं बसवलेली होती. त्यावरून जवळपास वीस कोटी घरांचा अंदाज, म्हणजे एका घराच्या पाठीशी साधारण साडेचार हजार घरं. आरोप असा की काही घरांना महिन्याला चार-पाचशे रुपये देऊन ठरावीक चॅनल लावून ठेवायला सांगितलं. राज्य सरकारने हा खटला पुढे मागे घेतला, २०२४ मध्ये कोर्टाने त्याला परवानगी दिली, त्यामुळे आरोप सिद्ध झाला असं म्हणता येत नाही. पण समजा एखाद्या घराने खरंच असं केलं. स्वतःच्या घरात, स्वतःच्या विजेवर, स्वतःचा टीव्ही चालू ठेवला. साडेचार हजार घरांच्या वतीने बोलायचं त्यांनी कधी कबूल केलं होतं का? बसवणाऱ्याने ते त्यांना नीट सांगितलं तरी होतं का? मला त्या घराला फसवणारं म्हणणं जड जातं. निर्दोष म्हणणंही जमत नाही, कारण पाचशे रुपये कशासाठी मिळतायत एवढं कुणालाही कळतं.

त्या दोन दिवसांनंतर ऑफिसात एक गोष्ट दिसली. क्लायंटच्या कागदात अट होती, पंधरा मिनिटांच्या आत संपलेली मुलाखत लाल करायची. लाल मुलाखतीचे पैसे मिळत नाहीत, आणि या धंद्यात पैसे मुलाखतीमागे असतात, दिवसामागे नाहीत. ताईंच्या तीन लाल झाल्या होत्या. तिन्ही वेळा मी शेजारी उभा होतो. खोटं काही नव्हतं. झालं होतं एवढंच की प्रश्नावलीत 'वॉशिंग मशीन आहे का' याला 'नाही' म्हटलं की त्याखालचे सहा प्रश्न गळतात, 'एसी नाही' म्हटलं की आणखी पाच. ज्या घरात वस्तू कमी, तिथली मुलाखत आपोआप छोटी. म्हणजे आमचा चोर पकडणारा नियम वेचून गरीब घरं पकडत होता. अशी घरं बाद झाली की उरलेल्या डेटात बेलपाडा थोडा श्रीमंत दिसणार, आणि ते कुणाला खटकणार नाही, कारण बाहेरून येणाऱ्याला इथे आधी टॉवरच दिसतात.

मी तीन महिन्यांचा डेटा काढून वस्तूंची संख्या आणि लाल शेरा समोरासमोर ठेवला आणि मॅनेजरला दाखवला. वेळ एकूण न मोजता विचारलेल्या प्रश्नांच्या हिशोबाने मोजा, एवढीच सूचना. त्यांना पटलं. पण अट क्लायंटची, बदलायची तर करार उघडावा लागतो, म्हणून पुढच्या तिमाहीवर गेलं. ताईंच्या तीन मुलाखती हाताने हिरव्या करून घेतल्या, कारण तिथे मी साक्षीला होतो. त्याच आठवड्यात त्याच भागात आणखी दोघीजणी फिरत होत्या. त्यांच्या अकरा लाल आहेत, आणि त्यांच्या शेजारी कुणी उभं नव्हतं.