संधी द्यायची, पण कुणाच्या जिवावर?

आज नवव्या अध्यायातला तिसावा श्लोक. माणूस कितीही दुराचारी असो, अनन्यभावाने भजू लागला तर त्याला साधूच मानावं, कारण त्याचा निश्चय योग्य आहे.

वाचताना 1978चा सर्वोच्च न्यायालयाचा एक निकाल आठवला. तमिळनाडूतल्या एका वकिलाने बहिऱ्या वृद्धाकडून वसुलीच्या दाव्यासाठी पैसे घेतले. दावा लावलाच नाही, वर खोट्या तारखा देत राहिला. राज्य बार कौन्सिलने त्याची वकिली सहा वर्षं बंद केली. बार कौन्सिल ऑफ इंडियाने ते एका वर्षावर आणलं. न्या. कृष्ण अय्यर म्हणाले, नुसतं निलंबन नको. वृद्धाला 2,500 रुपये दे आणि वर्षभर गरिबांना मोफत कायदेसेवा दे. तिघांपैकी एका न्यायमूर्तींना हे पटलं नाही.

मीही तिथेच अडकलो. (आमच्याकडे डेटाशी खेळलेल्याला परत घेतलं, तरी प्रॉडक्शनचा ऍक्सेस लगेच कोण देतं?) श्लोकातला निश्चय त्या माणसाचा स्वतःचा आहे, इथली सेवा कोर्टाने लावलेली. शिवाय भगवंत कुणाला जवळ घेतो तेव्हा दुसऱ्या कुणाचा दावा बुडत नाही. इथे जोखीम गरीब अशिलाची. संधी द्यावी, हे मला मान्यच आहे. पण समोर बसलेल्या त्या अशिलाला आधीचं सगळं कुणी सांगायचं?