दानाचा स्वीकार

वाशीम जिल्ह्यांतील संत्र्याच्या बागा ज्यांनीं जवळून पाहिल्या आहेत, त्यांस ठाऊक असेल कीं, संत्र्याच्या झाडाचें मूळ बहुधा जंबेरीचें असतें. जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा भरावा आणि दोहोंनीं एकजीव व्हावें, यांत बागाईतदारास नवल वाटत नाहीं. मनुष्यदेहाचें कलम मात्र इतक्या सहज साधत नाहीं.

टिपूच्या कैदेंत नाक गमावलेल्या कावसजी नामक गाडीवानाचें नाक पुण्याजवळ एका कारागिरानें पुन्हां घडविल्याची हकीकत १७९४ सालीं लंडनच्या एका मासिकांत छापून आली. तें नाक टिकलें, कारण कातडी त्याच्याच कपाळाची होती. उलट १९४३ सालीं गिब्सन व मेडावर यांनीं ग्लासगो येथें भाजलेल्या एका स्त्रीस तिच्या भावाची कातडी लावली, ती नष्ट झाली. दुसऱ्यांदा लावलेली तर अधिक लवकर नष्ट झाली. देहानें परक्याची ओळख स्मरणांत ठेवली होती! १९५४ सालीं बॉस्टन येथें डॉ. मरे यांनीं बसविलेलें मूत्रपिंड टिकलें, तें देणारा व घेणारा एकरूप जुळे होते म्हणून.

रक्तांतील पांढऱ्या पेशी प्रत्येक पेशीच्या अंगावरील खुणा पाहतात व अनोळखी खूण दिसतांच तुटून पडतात. मातेनें दिलेलें मूत्रपिंडही त्यांस परकेंच. मग अशा देहास कृतघ्न म्हणावें काय? आमच्या मतें, नाहीं. ज्या पहाऱ्यानें आजवर रोगांपासून रक्षण केलें, तोच पहारा येथेंही आपलें काम करीत असतो. धन्याचा सोयरा ओळखतां आला नाहीं, म्हणून पहारेकरी बेइमान ठरत नाहीं.

तेव्हां देहास जें जमत नाहीं, तें मनुष्यानें निश्चयानें करावयाचें असतें. शस्त्रक्रियेपूर्वीं रक्त व खुणा जुळवून पाहतात. नंतर सायक्लोस्पोरिन, टॅक्रोलिमस यांसारख्या औषधांनीं पहारा सौम्य करितात. त्यामुळें इतर रोगांस वाट मिळते, म्हणून मात्रा तोलूनमापून द्यावी लागते. परंतु प्रकृति सुधारली म्हणून औषध सोडल्यास निद्रिस्त पहारा जागा होतो आणि दान वायां जातें. देणाऱ्याचें धैर्य एका दिवसाचें, तर घेणाऱ्याची निष्ठा रोजची!

आणि ही निष्ठा एकट्या रोग्याची आहे काय? शस्त्रक्रियेच्या वेळीं आपण वर्गणी जमवितों, दात्याचा गौरव करितों. परंतु दोन वर्षांनीं त्या शेतकऱ्याच्या घरीं औषधास पैसे आहेत कीं नाहींत, रक्त तपासण्यास तो शहरीं कसा जातो, हें कोण विचारतो? देहाचा नकार अजाण असतो. आमचें विस्मरण अजाण नव्हे.

जंबेरीच्या खुंटास खालून फुटवे येतच राहतात. ते वेळोवेळीं काढले नाहींत, तर जंबेरी माजते व संत्रा मरतो. कलम बांधणें हें एका दिवसाचें काम. तें जगविणें हें बागेच्या आयुष्याचें काम होय.