सनद कोणाची?

सिंदखेडराजाच्या जिजाऊ जन्मोत्सवात बोलावयाचे म्हणून एक तरुण शिक्षिका आपली टिपणे घेऊन बुलढाण्यास मावशीकडे आली, तेव्हा स्त्रीने सभेत कोणत्या अधिकाराने बोलावे, असा प्रश्न निघाला.

"शिवरायांच्या आईच्या नावाने बोलण्याचा अधिकार मागशील," मावशी म्हणाली, "तर सभा ऐकेल. ताराबाई शिंद्यांची 'स्त्रीपुरुष तुलना' १८८२ साली छापली गेली, जोतीराव फुल्यांनी आपल्या 'सत्सारा'त तिची पाठराखण केली, आणि तरीही १९७५ साली स. गं. मालशे यांनी ती पुन्हा उजेडात आणीपर्यंत बुलढाण्याच्या या लेकीची आठवण कितीजणांना होती?"

"पण मावशी, तो मान आईपणाचा झाला. सुरतेची विधवा विजयालक्ष्मी, जिला नवजात अर्भकाच्या हत्येबद्दल १८८१ साली फाशीचा हुकूम झाला आणि जिची फाशी पुढे अपिलात टळली, तिचे आई होणे हाच जिथे अपराध, तिथे मातृत्वाच्या सनदेवर तिची कैफियत मांडायची कशी? तिच्यासाठीच लेखणी उचलणाऱ्या ताराबाईंनी सनद मागितलीच नाही. बायको मेली म्हणून पुरुष मिशा भादरून रानात का जात नाहीत, असे विचारून त्यांनी फिर्यादीलाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभे केले."

"विचारण्याची ऐपत बापानेच दिली ना? बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरांच्या कचेरीत हेडक्लार्क. त्यांनी लेकीला शिकवले, घरजावई करून तिला माहेरीच ठेवले."

"अक्षरे बापाची, हे मला कबूल आहे. पण शिकलेल्या बापांच्या किती लेकी परप्रांतातल्या, परजातीतल्या, कधी न पाहिलेल्या बाईसाठी छापखान्यापर्यंत गेल्या?"

मावशी बराच वेळ गप्प राहिली. "म्हणजे जिजाऊंविषयी बोलणारच नाहीस?"

"बोलेन ना, १६६६ साली महाराज आग्र्यास गेले तेव्हा ज्यांच्या हाती राज्याचा कारभार सोपवून गेले, त्या कारभारी जिजाऊंविषयी बोलेन."

मावशीची भीती निराधार नाही, कारण ज्या वक्त्याला श्रोतेच लाभत नाहीत त्याचे सत्य दप्तरात पडून राहते, आणि ताराबाईंच्या बाबतीत नेमके तेच घडले. तथापि ज्या अधिकारात विजयालक्ष्मीला जागा नाही तो स्त्रीचा अधिकार म्हणताच येत नाही, म्हणून माझा कौल भाचीकडे आहे. पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात ५०० प्रती छापलेले ते ९ आण्यांचे पुस्तक आज सहज मिळते. १२ जानेवारीस सिंदखेडराजास जाणाऱ्यांनी ते एकदा वाचून जावे.