शेवटचा तास कुणाचा?

डिसेंबरातल्या संगीत महोत्सवाचं वेळापत्रक भाच्याने मावशीच्या जेवणाच्या टेबलावर पसरलं होतं. दोन दिवस, तीन स्टेज, आणि सगळ्या चौकटी भरलेल्या. एकच रिकामी होती: दुसऱ्या दिवशी, मोठ्या स्टेजवर, रात्री साडेआठ ते दहा.

त्या चौकटीसाठी दोन नावं होती. एक परदेशी बँड, ज्याची वीस वर्षांपूर्वीची गाणी आजही लोकांना तोंडपाठ आहेत, पण ज्याने अलीकडे नवं फारसं काही केलेलं नाही. दुसरा इथलाच, चार जणांचा इंडी रॉक बँड. स्वतःच्या खर्चाने काढलेले तीन अल्बम, आणि क्लबमधला प्रत्येक कार्यक्रम हाउसफुल्ल. पैसे घालणाऱ्यांनी भाच्याला एकच प्रश्न विचारला होता: हा बँड हेडलायनर होण्याएवढा मोठा आहे का?

मावशीने आयुष्याची तीस वर्षं एका छोट्या संगीत मंडळाच्या मैफली ठरवण्यात घालवलेली. रॉक तिच्या कानावरचं संगीत नव्हे. पण कुणी कुणाच्या आधी बसायचं, हा प्रश्न तिला चांगलाच माहीत होता.

"मोठा म्हणजे किती मोठा, हे कसं मोजता तुम्ही?" तिने विचारलं.

"आधीच्या कार्यक्रमांची तिकीटविक्री. ऑनलाइन किती जण ऐकतात. आणि आजवर सगळ्यात मोठं मैदान कोणतं भरलं."

"मोठं मैदान त्यांना कुणी दिलंय का आजवर?"

"नाही."

"मग ते भरलं नाही, हा त्यांचा दोष कसा?"

भाच्याने मान हलवली. याच चक्रात तो आठवडाभर फिरत होता. मोठ्या स्टेजवर शेवटी वाजवायचं तर आधी कुठेतरी शेवटी वाजवलेलं असावं लागतं. ते पहिलं 'कुठेतरी' द्यायची जबाबदारी मात्र कुणीच अंगावर घेत नाही.

"आमच्याकडे हे सोपं होतं," मावशी म्हणाली. "शेवटची बैठक ज्येष्ठाची. सवाई बघ ना. भीमसेनजींनी 1953 साली गुरूंच्या स्मरणार्थ महोत्सव सुरू केला आणि पुढे वर्षानुवर्षं समारोप त्यांच्याच गाण्याने व्हायचा. त्यांच्यानंतर तो मान प्रभाताई अत्रेंकडे आला. दुपारी पहिल्यांदा बसणारा तरुण कलाकार 'मी शेवटी का नाही' असं विचारत नसे. त्याला माहीत असायचं, ती जागा मागून मिळत नाही."

"पण मावशी, तुमच्या त्या क्रमात जोखीम कुठे होती? सवाईला लोक सीझन तिकीट काढतात. अमुक एक जण शेवटी आहे म्हणून येत नाहीत, सवाई आहे म्हणून येतात."

"म्हणजे महोत्सवाचीच पत असते."

"हो. इंग्लंडमध्ये ग्लास्टनबरीचं तसंच आहे." आता भाच्याचा आवाज खुलला.

सॉमरसेटमधल्या पिल्टन गावाजवळचं ते शेत, वर्दी फार्म. 1970 साली मायकेल ईव्हिस या दूधवाल्या शेतकऱ्याने तिथे पहिला महोत्सव भरवला. तिकीट एक पौंड, त्यात शेतावरचं दूध फुकट, आणि प्रेक्षक सुमारे दीड हजार. द किंक्स येणार होते, ते आले नाहीत, म्हणून मार्क बोलनचा बँड शेवटी वाजवून गेला. म्हणजे तिथला अगदी पहिला हेडलायनरसुद्धा ऐनवेळचा बदली होता. आज तिथे दोन लाखांच्या आसपास माणसं जमतात आणि तिकिटं आदल्या वर्षीच्या शरदात निघतात, मुख्य नावं जाहीर व्हायच्या आधी. 2025 च्या महोत्सवाची तिकिटं तर तासाभराच्या आतच संपली होती.

"कोण वाजवणार हे माहीत नसताना?"

"माहीत नसताना. म्हणूनच 1995 ची गोष्ट घडू शकली."

ती गोष्ट त्याने सावकाश सांगितली. शनिवारी रात्री द स्टोन रोझेस वाजवणार होते. मँचेस्टरचा बँड. 1989 च्या पहिल्याच अल्बमने एका पिढीचे झालेले. 1990 मध्ये स्पाइक आयलंडला त्यांनी पंचवीस हजारांहून जास्त लोक जमवले होते. पुढची काही वर्षं बहुतांशी शांततेत गेली, तरी नावाचं वजन कमी झालं नव्हतं. मग महोत्सवाला काही दिवस उरलेले असताना त्यांचा गिटारिस्ट जॉन स्क्वायर माउंटन बाइकवरून पडला. कॉलरबोन मोडलं. जागा रिकामी झाली आणि ती पल्पकडे गेली.

पल्प शेफील्डचा. जार्व्हिस कॉकरने 1978 साली शाळेत असताना काढलेला. 1983 ला पहिला अल्बम आला आणि पुढची दहा वर्षं फारसं कुणी विचारलं नाही. माणसं आली, माणसं गेली, कॉकर टिकून राहिला. 1995 च्या मे महिन्यात 'कॉमन पीपल' हे त्यांचं गाणं निघालं आणि ब्रिटनच्या यादीत दुसऱ्या क्रमांकापर्यंत चढलं. जूनच्या त्या शनिवारी ते पिरॅमिड या तिथल्या मुख्य स्टेजवर उभे राहिले तेव्हा ज्या अल्बमने त्यांना खरं नाव दिलं तो 'डिफरंट क्लास' बाजारात यायला चार महिने होते. त्यातली काही गाणी लोकांनी त्या रात्री पहिल्यांदाच ऐकली.

"आणि एक लक्षात घे," भाचा म्हणाला, "जूनमध्ये तिथे सूर्य साडेनऊच्या सुमारास मावळतो. दिवसभर सगळे बँड उन्हात वाजवतात. अंधार फक्त शेवटच्याला मिळतो. दिवे त्याचे, धूर त्याचा. शेवटी त्यांनी 'कॉमन पीपल' घेतलं तेव्हा अख्खं मैदान गात होतं. पुढच्या वर्षी त्यांना मर्क्युरी पुरस्कार मिळाला. मग मला सांग, ते त्या रात्रीआधी मोठे होते की त्या रात्रीमुळे झाले?"

मावशी थोडा वेळ काही बोलली नाही. मग तिने बोटांवर मोजायला सुरुवात केली. "अठ्ठ्याहत्तर ते पंच्याण्णव, सतरा वर्षं. त्यात एक गाणं त्याच महिन्यात घरोघरी वाजत होतं. हे काही रस्त्यावरून उचलून आणलेले लोक नव्हेत. तू म्हणतोस दार उघडलं आणि ते मोठे झाले. मी म्हणते, दार उघडलं तेव्हा ते तयार होऊन उंबऱ्यात उभे होते."

"पण उघडलं नसतं तर?"

"तर तयारी उंबऱ्यातच राहिली असती, हे मान्य. पण तू जिंकलेल्यांची गोष्ट सांगतोयस. जे पडले त्यांची सांग."

भाच्याला याचंच उत्तर सापडत नव्हतं. त्याला आठवली ती पुन्हा स्टोन रोझेसचीच गोष्ट. 1996 च्या ऑगस्टमध्ये इंग्लंडमधल्याच रेडिंग महोत्सवात ते शेवटी वाजवायला उभे राहिले. स्क्वायर त्याच वसंतात बँड सोडून गेला होता. इयन ब्राउनचा सूर लागेना. त्या कार्यक्रमाची आठवण लोक आजही हळहळत काढतात. दोन महिन्यांत बँड फुटला.

"नाव मोठं होतं, गाणं उभं राहिलं नाही," मावशी म्हणाली. "पण हे तर तुझ्याच बाजूचं उदाहरण झालं. मी विचारते, लहान बँड मोठ्या जागी बसवला आणि पडला, असं?"

"त्यांची नावंच मागे राहत नाहीत, मावशी." तो हळू आवाजात म्हणाला. "अर्धं मैदान आधीच गेटकडे चालू लागतं. स्टेजवरच्यांना ते दिसतं. दुसऱ्या दिवशी कुणी वाईट बोलत नाही, पण पुढच्या वर्षीचा फोन येत नाही. मला त्याचीच भीती आहे. महोत्सव एक वर्ष तोटा सोसेल. या चार मुलांना मात्र 'यांना झेपत नाही' हा शिक्का आयुष्यभर पुरेल."

मावशीला बरं वाटलं. इतका वेळ तो महोत्सवाच्या बाजूने बोलत होता, आता पहिल्यांदा मुलांच्या बाजूने बोलला.

पैशाचा हिशेबही टाळता येण्यासारखा नव्हता. स्टेज उभारणारे, साउंडवाले, सुरक्षारक्षक, खाण्याचे गाळे लावणारे, या सगळ्यांची देणी तिकिटांतूनच भागतात. तोटा झाला तर मोठी नावं आपलं मानधन घेऊन गेलेली असतात आणि चटका बसतो तो शेवटच्या टोकाला. भाच्याने कॅलिफोर्नियातल्या कोचेलाचा दाखला दिला. 1999 चा पहिला महोत्सव. बेक, टूल आणि रेज अगेन्स्ट द मशीन अशी त्या काळातली तगडी नावं. वाखाणणी झाली, पण आयोजकांचे इतके पैसे बुडाले की 2000 साली महोत्सव भरलाच नाही.

"म्हणजे मोठ्या नावानेही मैदान भरेलच असं नाही."

"नाही ना. आणि कमी अनुभवाच्या नावाने रिकामं राहीलच असंही नाही. 2002 च्या उन्हाळ्यात कोल्डप्लेने ग्लास्टनबरीला पहिल्या रात्री शेवटी वाजवलं, तेव्हा त्यांचा एकच अल्बम बाजारात होता. त्याच वर्षी द स्ट्रोक्स रेडिंगला हेडलाइन करत होते, त्यांचाही एकच. तेच स्ट्रोक्स 2023 च्या जानेवारीत मुंबईत महालक्ष्मीच्या रेसकोर्सवर आले, लोलापलूझा पहिल्यांदा भारतात भरला तेव्हा. मी होतो तिथे. पोस्टरवर सगळ्यात वर इमॅजिन ड्रॅगन्स आणि द स्ट्रोक्स. डिव्हाइन, प्रतीक कुहाड खालच्या ओळींत. मला स्ट्रोक्स आवडतात, त्यांचा राग नाही. पण डिव्हाइन मुंबईचा. त्याच्याच शहरात, त्याच्याच माणसांसमोर वरची ओळ पाहुण्यांची. तेव्हापासून हा प्रश्न डोक्यात आहे."

"तो अभिमानाचा प्रश्न झाला. अभिमानावर शेवटची बैठक देता येत नाही."

"मग कशावर देतात?"

मावशीने वेळापत्रक स्वतःकडे ओढलं. "तुझ्या त्या प्रश्नात एक घोळ आहे. लोकांना मैदानात आणणं आणि आलेल्यांना शेवटपर्यंत बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. आणण्याचं काम अख्ख्या महोत्सवाचं. ते या चार मुलांच्या डोक्यावर का टाकता? त्यांच्याकडे दुसरं काम आहे. दिवसभर उभं राहून दमलेल्या माणसांना दीड तास जाऊ द्यायचं नाही. ते त्यांना येतं का, एवढंच विचार."

"क्लबमध्ये येतं. पण मैदान वेगळं असतं. साठ मीटरवर चेहरा दिसत नाही, पडदा बघावा लागतो. वाऱ्यावर आवाज हलतो. आणि त्यांची सगळ्यात चांगली गाणी हळू आवाजातली आहेत. लोक गप्पा मारायला लागतील."

"विलंबित ख्यालाहून हळू काय असतं? सवाईच्या मांडवात हजारो माणसं अर्धा अर्धा तास तो ऐकतात."

"ते श्रोते घडलेले आहेत, मावशी. सत्तर वर्षांत घडले. आमचं हे तिसरं वर्ष."

"तेच म्हणतेय मी. 'बँड मोठा आहे का' या प्रश्नाच्या पोटात 'आपली पत किती' हा प्रश्न लपलाय. ग्लास्टनबरीने पल्पला आपली पत उसनी दिली. त्यांच्या गाठीला होती म्हणून दिली. तुमच्या गाठीला किती आहे?"

"थोडी आहे. गेल्या वर्षी माहीत नसलेल्या बँडसाठीही लोक पावसात थांबले होते."

"मग तेवढी देता येईल. पण जेवढी आहे तेवढीच. आणि ती पुन्हा मिळवायची तर दरवर्षी जुनंच मोठं नाव बसवून चालणार नाही. तसं केलंत तर लोक त्या नावाचे होतील, तुमचे होणार नाहीत."

भाच्याने विचार केला. मग त्याने स्वतःलाच अडचणीत टाकणारा प्रश्न काढला. शेवटून दुसरी जागा त्यांना दिली तर? सगळ्यांचीच जोखीम कमी. परदेशी नाव शेवटी, मुलं त्यांच्या आधी.

"ती जागा वाईट नाही," मावशी म्हणाली. "कितीतरी गवई ज्येष्ठाच्या आधी बसून मैफल मारून गेलेत. पण ते तू त्यांच्या भल्यासाठी करतोयस की तुला ठरवायचं नाही म्हणून?"

तो गप्प राहिला. खिडकीबाहेर पेठेतली रहदारी ओसरत चालली होती.

"1997 ला रेडिओहेड ग्लास्टनबरीला वाजवत होते," तो जरा वेळाने म्हणाला. "'ओके कॉम्प्युटर' निघून दोन आठवडेसुद्धा झाले नव्हते. सगळीकडे चिखल. स्टेजवरचे मॉनिटर बंद पडले, त्यांना स्वतःचाच आवाज ऐकू येईना. डोळ्यांवर दिव्यांचा झोत, समोरचे लोक दिसेनात. टॉम यॉर्कला सोडून निघून जावंसं वाटत होतं. तरी ते वाजवत राहिले. आज त्या महोत्सवातल्या थोर रात्रींमध्ये तिची गणना होते. पण ते टिकून राहतील हे आधी कुणाला कळलं असतं, मावशी? कुठल्या आकड्यातून?"

"आकड्यातून नाही. पण अंदाज बांधता येतो. तबलजी वेळेवर आला नाही, तंबोरा उतरला, माइक गेला, अशा वेळी माणूस काय करतो ते पाहायचं. मी नव्या कलाकाराला आधी घरी जाऊन ऐकायचे. चहाच्या वेळी, समोर दोन माणसं असताना. दोन माणसांसमोर जो राखून गायचा नाही, त्याला पुढची जागा द्यायचे. दोनदा चुकले. एकदा तर त्या मुलीने नंतर चार वर्षं आमच्याकडे गायलाच नकार दिला. ती चूक माझी होती, तिची नव्हती. हे तुलाही डोक्यात ठेवावं लागेल."

भाच्याने वहीत तीन गोष्टी लिहिल्या. बँडकडून दीड तासाच्या गाण्यांचा क्रम मागवायचा, हळू गाणी कुठे येतात ते पाहायला. मोठ्या स्टेजच्या साउंडवाल्याला त्यांच्यासोबत एक अख्खा दिवस द्यायचा. आणि पैसे घालणाऱ्यांना सांगायचं, की तिकिटं खपवणं हे काम या मुलांच्या नावावर लिहू नका. चौथी ओळ त्याने कोरी ठेवली.

"दहाला आवाज बंद करावाच लागतो ना तुम्हालाही?" मावशीने विचारलं. सवाईच्या रात्री पहाटेपर्यंत चालायच्या तो काळ तिने पाहिलेला.

"दहाला. एक मिनिट जास्त नाही."

"म्हणजे त्यांचं शेवटचं गाणं नऊ बावन्नला सुरू व्हायला हवं. सांगितलंयस त्यांना?"

"अजून त्यांना काहीच सांगितलेलं नाही. गुरुवारी रिहर्सलला जाणार आहे, कोथरूडला. गॅरेज आहे एक."

मावशीने चष्मा डब्यात ठेवला. "किती वाजता?" तिने विचारलं. "मीही येते."